एक पेला औषध

आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखितासाठी काहीतरी लिहून दे, म्हणून मास्तर गणपतीपासून माझ्या मागे लागले आहेत. तू बोटीवर असतोस, एवढी बंदरं बघितलीस, त्याचं प्रवासवर्णन लिही, असं त्यांचं म्हणणं. मास्तर, खरं सांगायचं तर बंदरं मी बघितली ती गोल खिडकीतून. जेवणघर आवरून वर येईपर्यंत बंदर मागे गेलेलं असायचं. माझ्या पायांनी मी चाललो असा परका मुलूख एकच, खानदेश. जळगाव आणि धुळे मिळून चार दिवस. त्याचंच लिहितो. शाळा मी सातवीत सोडली, तेव्हा लिहिण्यात चुका होतील. मुळात हा प्रवासच एका चुकीचा आहे, ते पुढे येईल.

आधी जाण्याचं कारण. बोटीवर राजधर नावाचा माझा जोडीदार होता. भडगावच्या पुढे गिरणा नदीच्या काठचं गाव त्याचं. आम्ही दोघेही जेवणघरात वाढपी, खोली एकच, वरच्या बाकावर तो, खाली मी. तो मला कोकण्या म्हणायचा, मी त्याला केळ्या. तो बारावी शिकलेला. माझी घरची पत्रं तोच लिहायचा. मी खुशाली सांगायचो, तो लिहायचा आणि मध्येच स्वतःच्या मनाचं एखादं वाक्य घालायचा. आई शेजारणींना सांगायची, बोटीवर गेल्यापासून पोरगा मायेनं लिहायला लागला.

आमच्या जेवणघरावर एक म्हातारा इटालियन मुख्य होता. कुठल्या जेवणाबरोबर कुठली वाईन द्यायची हे त्याने आम्हाला चाखवून शिकवलं. त्यात एक तांबडी वाईन होती, मेर्लो. बाटलीवर नावाच्या शेवटी 'ट' असतो, तो बोलायचा नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलोच. आमच्या मालवणीत 'तो मेलो' म्हणजे तो मेला. रोज साहेबलोकांच्या टेबलाशी वाकून 'मेलो घेणार का' असं विचारायचं! ही वाईन दिसायला आपल्या रातांब्याच्या आगळासारखी गडद तांबडी, वास जांभळाच्या आसपासचा आणि स्वभाव मऊ. भाजलेलं बकरं, बदक, अळंबी, मुरलेलं चीज, टोमॅटोचं कालवण, यांच्याशी तिचं जमतं. मासळीशी जमत नाही. तळलेला बांगडा खाऊन वर ही प्यायली तर तोंडात खिळा चावल्यासारखं होतं. आणि मिरचीशी तर उभं वैर.

यावरून आमचा कायम वाद. राजधर म्हणायचा, "कोकण्या, आमच्या वांग्याच्या भरताबरोबर ही जमेल." मी म्हणायचो, "तुमच्या भरतात मूठभर हिरवी मिरची. मेल्या, वाईन जळून जाईल." तो म्हणायचा, "तू आमच्या मायचं भरीत खाल्लेलं नाहीस."

मग त्याने एक बाटली विकत घेतली आणि पेटीत ठेवली. घरी नेऊन पैज लावायची म्हणून.

मागच्या वर्षीच्या आधीच्या कार्तिकात त्याला ताप आला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो उठला नाही. बोटीच्या डॉक्टराने हृदय बंद पडलं असं लिहून दिलं. राख, कपडे आणि इंग्रजी कागद कंपनीने घरी पोचते केले. बाटली तेवढी त्यांनी पाठवली नाही, ती मी माझ्याकडे ठेवली. त्याच्या घरी चार ओळींचं पत्रही मीच लिहिलं. पत्र लिहिणारा गेला होता, तेव्हा माझ्या हाताने लिहिलेलं जन्मातलं ते पहिलं पत्र. उत्तर आलं नाही. सव्वा वर्षानं माझी सुट्टी लागली आणि आधी त्याच्या घरी जाऊन यायचं मी ठरवलं.

जळगाव, मंगळवार

आगगाडीचं काही सांगत नाही. पिशवीत स्वेटरमध्ये गुंडाळलेली बाटली आणि परवाना जवळ नाही, एवढं सांगितलं म्हणजे मी रात्रभर कसा बसलो ते कळेल. जळगावला उतरलो तो कोरड्या थंडीत. आपल्याकडची थंडी ओली, अंगाला चिकटते. तिथली ओठ फाडते. स्टेशनाबाहेर केळीचे घड घेऊन मालमोटारी उभ्या होत्या.

जागरणाने डोकं ठणकत होतं. बाजारात शिरलो तर एका रांगेत चार-पाच दुकानं, सगळ्यांवर पाट्या, 'बी-बियाणे व औषधे'. मनात आलं, केवढी आजारी माणसं या गावात! एका दुकानात चढलो आणि म्हटलं, "औषध पाहिजे."

मालकाने विचारलं, "किती एकर?"

"एकर कसले? मलाच पाहिजे."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "घरी भांडण झालं का भाऊ?"

"डोकं दुखतंय हो."

दुकानातले दोन शेतकरी खो खो हसले. मालकही हसला. "अरे भाऊ, हे कपाशीवर मारायचं औषध शे! एक झाकण घेतलं तर डोकं परत कधी दुखणार नाही. गोळीचं दुकान त्या गल्लीत." आणि त्याने दुकानातल्या माणसाला मला तिथवर सोडून यायला पाठवलं. परक्या मुलखात असं कोण करतं? मीही त्यांच्याबरोबर हसलो होतो. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

दुपारी खानावळीत शेवभाजी खाल्ली. लाल तेलाचा थर वर, खाली काळ्या मसाल्याचा रस्सा, त्यात जाड शेव. नारळ औषधालाही नाही. (हा शब्द बघा, आपल्या जिभेवर कसा सहज येतो.) पहिल्याच घासाला कानातून वाफ निघाली. वाढप्याची खोड जात नाही, मनात म्हटलं, या पदार्थापुढे मेर्लो एक घोटही टिकायची नाही. पैज मी जिंकलो असं वाटलं. मग ऐकायला राजधर नाही हे आठवलं आणि अर्धी भाकरी तशीच राहिली.

एरंडोलवरून भडगाव, बुधवार

एस.टी.त एरंडोलला माझ्या शेजारी एक म्हातारे येऊन बसले. सगळे त्यांना नाना म्हणत होते. रुमालातले पेरू त्यांनी न विचारता माझ्या हातावर ठेवले. त्या लोकांची बोली अहिराणी. ती मला धड लिहिता यायची नाही, कानात राहिली तेवढी लिहितो, बाकीचं माझ्या शब्दांत.

"कोठला शेस तू?" नानांनी विचारलं.

मी गाव सांगितलं, राजधरचं नाव सांगितलं, त्याच्या वडिलांकडे निघालोय म्हणालो. नाना त्यांच्याच गावचे निघाले. पण नाव ऐकल्यावर त्यांनी हातातला पेरू परत रुमालात ठेवला.

"आबाकडे? जाय बापा. पण जपीसन बोल." जपून बोल, असं. मग स्वतःच पुढे म्हणाले, "यंदा त्याने कपाशीवर एक फवारा मारला नही. बठ्ठी कपाशी अळीनी खादी." बठ्ठी म्हणजे सगळी. " शहाणा माणूस, पण कोणाचं ऐकत नही."

का मारला नाही, असं मी विचारलं. नानांनी बोलणं वळवून वैशाखातल्या उन्हाचं काढलं. भडगाव येईपर्यंत तेच चाललं होतं. मला वाटलं, मुलाच्या दुःखात शेताकडे लक्ष गेलं नसेल. मला पिशवीतल्या बाटलीची काळजी जास्त होती. राजधरचे वडील माळकरी, घरात कांदासुद्धा बेताने. मेलेल्या मुलाची आठवण म्हणून त्यांच्यापुढे दारूची बाटली ठेवायची कशी?

गिरणेकाठी, बुधवार आणि गुरुवार

घर मातीचं, सारवलेलं, पुढे लिंबाचं झाड. मायने मला दारात बघितलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "कोकण्या ना तू?" राजधरच्या पत्रांतून ती मला ओळखत होती. पायावर पाणी घातलं, गूळ-पाणी दिलं. आबा खाटेवर बसले होते. उंच, वाळलेले, गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी मला बस म्हटलं आणि पुढे काही विचारलं नाही. मुलाच्या शेवटच्या दिवसांबद्दल एक प्रश्न नाही. मी तोंडातली वाक्यं जुळवत बसलो होतो, ती तशीच राहिली.

लिंबाखाली फवाऱ्याचा पंप उलटा पडला होता आणि त्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती.

दुसऱ्या दिवशी माय म्हणाली, पाहुण्याला शेतात भरीत खाऊ घालू. आपल्याकडे पाहुण्याला पापलेट, तसं त्यांच्याकडे हिवाळ्यात भरीत. शेत नदीच्या वरच्या अंगाला. जाताना कपाशी बघितली. उभी होती, पण बोंडं काळी पडून भोकाभोकांची झालेली. जिथे पांढरं दिसायला पाहिजे तिथे किडक्या सरकीचे गोळे. मैलभर बाकीची रानं वेचून झालेली आणि मध्ये हा एक तुकडा जळाल्यासारखा. आबा त्यातून मान खाली घालून चालत होते.

माझ्या नशिबी पुढे काय होतं ते असो, ते भरीत कसं करतात हे मी सांगणारच. वांगी हिरवी-पांढरी, दीड वीत लांब. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करतात आणि वांगी त्यात तशीच टाकतात. साल कोळसा होते, आतला गर लोण्यासारखा. साल काढून तो गर बडगीत घालायचा. बडगी म्हणजे लाकडाची लांबट परात, तिच्यात मुसळाने ठेचायचं. मग लसूण, भाजलेले शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर आणि हिरवी मिरची. किती मिरची म्हणाल तर मी मोजायचं सोडून दिलं. बरोबर ज्वारी आणि उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी. धुराचा तो वास आला आणि मला राजधर आठवला. म्हटलं, आता. यापेक्षा बरी वेळ येणार नाही.

मी पिशवीतून बाटली काढून आबांपुढे ठेवली. माळेकडे बघून जीभ अडखळली. 'दारू' म्हणवेना. बोटीवर आम्ही म्हणायचो तेच तोंडात आलं.

"आबा, ही राजधरची. त्या दिवशी त्याने औषध घेतलं होतं ना, मी पत्रात लिहिलं होतं. ते हेच."

मायच्या हातातलं मुसळ बडगीत तसंच उभं राहिलं.

आबा बाटलीकडे बघत होते. "हाई मना शेतमा कसाले आनी?"

मला वाटलं, त्यांनी दारू ओळखली आणि राग आला. मी हात जोडले. "रागावू नका आबा. यात वाईट काही नाही. त्याचा दोष नव्हता. मीच दिलं होतं त्याला. एक पेला. माझ्या हाताने."

"तू दिधं?"

ते उठले कधी आणि त्यांनी माझ्या शर्टाची गळपट्टी धरली कधी, मला कळलं नाही. एवढ्या वाळलेल्या माणसाच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. माय ओरडली, "मना पोऱ्याले तू औषध दिधं? का रे? तुनं काय खादं व्हतं त्यानी?" त्याने तुझं काय खाल्लं होतं रे!

"मना पोऱ्या औषध पीसन मरना," आबा माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाले, "आनि तू बाटली लई वना?" बाटली घेऊन आलास!

तेव्हा मला जळगावचं दुकान दिसलं. किती एकर. घरी भांडण झालं का भाऊ. एक झाकण. लिंबाखालचा पंप दिसला, त्यातली कोंबडी दिसली. आजूबाजूला ते किडकं शेत होतंच. आणि माझ्या पत्रातली ओळ आठवली, जी मी फार विचार करून, कोणाला लागू नये म्हणून लिहिली होती. 'रात्री थोडे औषध घेऊन झोपला तो उठला नाही.'

त्या मुलखात औषध घेऊन झोपलेला माणूस एकाच प्रकारे मेलेला असतो.

मी ओरडलो. "दारू! आबा, दारू होती ती! द्राक्षांची दारू! विष नाही, दारू!" जो शब्द मी सव्वा वर्ष तोंडात धरून ठेवला होता, तो मी उघड्या रानात, एका माळकऱ्याच्या तोंडावर, दहा वेळा ओरडलो.

त्यांनी हात सोडले. मी सगळं सांगितलं. बोटीचा मुख्य आचारी तापात तांबडी वाईन लवंगा घालून गरम करून द्यायचा, तिला आम्ही औषध म्हणायचो. राजधर तापाने कुडकुडत होता, म्हणून मी एक पेला नेऊन दिला. त्याने तो घेतला, बरं वाटतंय म्हणाला, झोपला. डॉक्टर म्हणाला, दारूचा काही संबंध नाही. "मी त्याचं ऐकतो आबा, पण रोज रात्री माझ्या मनात येतं, की नसता दिला तर?"

आबांनी यातलं किती ऐकलं कोण जाणे. ते बाटलीकडेच बघत होते. सव्वा वर्ष ज्या माणसाने एक गोष्ट खरी धरली, त्याला ती एका शब्दाने कशी सोडणार? मी बरं वाटावं म्हणून बोलतोय, असं त्यांना वाटत असणार.

"मंग पी," ते म्हणाले.

बूच काढायचा पेचकस माझ्या खिशात कायम असतो. मी बाटली पुसली आणि हाताच्या सवयीने तिच्यावरचं नाव आबांकडे वळवून धरलं, प्रवाशाला दाखवतात तसं. त्यांनी ते वाचल्यासारखं बघितलं. मायच्या पितळी पेल्यात मी ओतली. राजधर गेल्यापासून मी तिला तोंड लावलं नव्हतं. पुढ्यात भाकरी आणि भरीत होतंच, आधी घास घेतला, मग घोट.

मिरचीने वाईन पेटली. जीभ, घसा, नाक, सगळीकडून आग. डोळ्यांतून पाणी, ठसका थांबेना. माय किंचाळली. तिला वाटलं, हाही चालला.

"मिरची... मिरची," मी हाताने खुणा करत होतो.

ती थांबली. मग मागे वळली आणि पदराखाली झाकलेली एक वाटी तिने माझ्यापुढे सरकवली. "हाई खाय. हाई राजधरनं शे. बिगर मिरचीनं."

त्याला लहानपणापासून तोंड यायचं. म्हणून ती मिरची घालायच्या आधी एक वाटी बाजूला काढायची. तो बोटीवर गेला तरी काढायची. तो मेला तरी काढते. कोणी खात नाही, संध्याकाळी ती वाटी म्हशीपुढे जाते.

मी खाल्लं. नुसता धूर, लसूण, शेंगदाणा आणि वांग्याचा गोडवा. वर एक घोट घेतला. मास्तर, त्या दोघांचं असं जमलं, की आमचा म्हातारा इटालियन उभा राहून नमस्कार करता. धुराने वाईन आणखी मऊ झाली आणि वाईनीने वांग्याचा तुरटपणा उचलून नेला. राजधरने पैज जिंकली होती. वर्षभर मी त्याच्याशी वाद घातला, आणि आपल्या मायचं भरीत म्हणजे बिनमिरचीचं, हे त्याने कधी सांगितलं नाही. त्याच्या लेखी दुसरं भरीत नव्हतंच.

मी मेलो नाही. पेला संपला तरी बसून होतो. उन्हं कलेपर्यंत आबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मग त्यांनी विचारलं, "मनं पत्र त्याले भेटनं व्हतं का?"

तेव्हा मला बाकीचं कळलं. राजधरने घरी लिहिलं होतं की मी आता वाईन वाढायला शिकलो. त्यावर आबांनी कोणाकडून तरी लिहवून पाठवलं, दारू वाढणारा मुलगा माझ्या घरात नको, येऊ नको. ते पत्र पोचलं असेल-नसेल एवढ्यात पोरगा 'औषध घेऊन' झोपला. आबांनी हिशेब लावला तो असा.

"भेटलं होतं," मी म्हटलं.

"खरं बोल."

"मोठ्याने वाचून दाखवलं त्याने मला. हसला. म्हणाला, आबा एवढ्या शिव्या देतात म्हणजे दात शाबूत आहेत. नंतर तो दिवसभर गप्प होता, तेही सांगतो. दुसऱ्या दिवशी ही बाटली घेऊन आला. म्हणाला, म्हाताऱ्याला पाजणार नाही, पण वास देणार."

आबांनी बाटली उचलली. तोंड नाकाशी नेलं आणि खूप वेळ धरून ठेवलं.

"जांभूळसारखा शे," ते म्हणाले.

तुम्हाला वाटेल, त्यांनी मला पोटाशी धरलं असेल. तसं झालं नाही. बाटलीला बूच लावून त्यांनी ती माझ्याकडे दिली आणि कपाशीत चालत गेले. लांबून त्यांचा आवाज आला. माणूस एवढ्या मोठ्याने एकटाच रडतो, हे मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. माय उठली नाही. म्हणाली, "रडू दे. त्यानी घागर नही भरी."

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्यांच्याकडे घरातून गेलेल्यांसाठी पाण्याची घागर भरतात. मागच्या आखाजीला आबांनी सगळ्यांची भरली, राजधरची भरली नाही. जो आपल्या हाताने गेला त्याला पाणी कसलं, म्हणाले. वैशाखातलं तिथलं ऊन कसं असतं ते नानांनी मला एस.टी.त सांगितलं होतं. पाखरं झाडावरून मरून पडतात म्हणे. त्या उन्हात माझ्या एका शब्दाने राजधरला तहानलेलं ठेवलं.

धुळे, शुक्रवार

सकाळी आबा मला एस.टी.पर्यंत पोचवायला आले. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पिकल्या केळ्यांची फणी बरोबर दिली. मी पाया पडलो तेव्हा डोक्यावर हात ठेवला, पण बोलले एवढंच, "धुळ्याले विमल शे. तिनी वाचं व्हतं पत्र. तिले सांगी ये."

विमलअक्का राजधरची मोठी बहीण, धुळ्यात दिलेली. धुळ्याचे रस्ते सरळ, आखून काढल्यासारखे, तरी मी दोनदा चुकलो. घर सापडलं तेव्हा अक्का दारात उडदाचे पापड वाळत घालत होती. मी नाव सांगितलं. तिने हात पुसले, आत नेलं, चहा टाकला. मी चहा कपात तसाच ठेवून सगळं सांगितलं. एका दमात, शहाणपण न करता, आणि पहिल्यापासून दारू म्हणजे दारू असं म्हणून.

ती रडली नाही. भिंतीला टेकून बसली आणि शहरातल्या भाषेत, सावकाश बोलायला लागली.

"त्याच्या दिवसांना मी माहेरी गेले होते, तेव्हा ते पत्र मी वाचलं. त्या शब्दापाशी थांबले. आबा म्हणाले, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. तीन वेळा वाचायला लावलं त्यांनी. दादा, तेव्हापासून मी माहेरी गेले नाही. मला सारखं वाटायचं, तो एक शब्द मी गिळून टाकला असता तर? आबांना कुठे वाचता येत होतं?"

मी म्हटलं, "अक्का, चूक माझी. सातवीत शाळा सोडली. माझी पत्रं तोच लिहायचा."

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्याने एकदा लिहिलं होतं, कोकण्याच्या आईला मी आता दुसरा मुलगा झालोय म्हणून."

मग तिने ट्रंक उघडली. लुगड्याच्या घडीतून ते पत्र काढलं. माझं अक्षर, वाकडं, ओळी खाली उतरत गेलेल्या. त्या शब्दाखालचा कागद बोटाने झिजला होता. तिने ते माझ्यापुढे ठेवलं आणि मुलाच्या दप्तरातलं पेन दिलं.

"खोडा. तुमच्या हातानं. खरं काय ते लिहा. उद्या पहिली गाडी धरून जाते आणि आबांना वाचून दाखवते."

मी 'औषध' खोडलं. वर लिहायला लागलो, तेव्हा कागद सरकू नये म्हणून तिने तो दाबून धरला. लिहून झाल्यावर तिने वाचलं.

"रात्री थोडे मेलो घेऊन..."

ती थांबली. मीही बघितलं. रफार द्यायचा राहिला होता.

"अक्का, तो शब्द तसा नाही, मेर्लो. त्या दारूचं नाव," मी म्हटलं, आणि 'लो'वर रफार दिला. एवढीशी ती खूण. नीट उमटावी म्हणून दोनदा गिरवली.

तिने शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. "येत्या आखाजीले त्यानी घागर भरसूत," ती म्हणाली. शहरातली भाषा तिच्या तोंडून तेवढ्यापुरती गेली होती. मग ती पत्र दोन्ही हातांत धरून उजेडाकडे सरकली आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचत गेली. तीर्थरूप आबा यांस, असं मी सुरू केलं होतं. त्या शब्दापाशी ती थांबली नाही.